खारीतलं 920 कुठून येतं?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

सांगलीत आमची बेकरी आहे, वडिलांपासूनची. गेल्या महिन्यात नेहमीच्या एका जैन आजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. 'पावात आणि खारीत न्हाव्याकडचे केस असतात' असा मजकूर होता. "खरं का रे हे?" मी हसून "छे, काहीतरीच" म्हणालो आणि पाव किलो खारी बांधून दिली. रात्री मात्र इम्प्रूव्हरची, म्हणजे मैदा सुधारायला त्यात मिसळतो त्या पुडीची, पिशवी उलटी करून पाहिली. बारीक अक्षरांत घटकांचे दोन सांकेतिक आकडे होते: 1100 आणि 920.

1100 म्हणजे अमायलेज, पिठातल्या स्टार्चची साखर करणारं एन्झाइम. त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. 920 म्हणजे एल-सिस्टीन, एक अमिनो आम्ल. मैद्यातलं ग्लुटेन गंधकाच्या टाक्यांनी शिवल्यासारखं असतं. सिस्टीन ते टाके उसवतं, म्हणून लाटलेली पट्टी आखडून मागे येत नाही आणि खारीचे पदर पातळ सुटतात. हा फरक हाताला वर्षानुवर्षं कळत होता, पण त्या वस्तूचं नाव कधी वाचलं नव्हतं. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून भट्टीवर बसलेल्या माणसाला हे शोभत नाही, मान्य आहे.

मग वाचायला बसलो. आजींचा मेसेज अगदीच खोटा निघाला नाही. केस किंवा पिसं आम्लात उकळून सिस्टीन काढायची रीत जुनी आहे. खाद्यपदार्थातल्या सिस्टीनसाठी माणसाचे केस वापरायला युरोपीय संघात मनाई आहे, म्हणजे वापर होत होता हे उघडच आहे.

दुसरी रीत जिवाणूंची. जपानी संशोधकांनी स्युडोमोनास जातीच्या जिवाणूची एन्झाइमं वापरून, कारखान्यात बनणाऱ्या एटीसी नावाच्या संयुगापासून एल-सिस्टीन तयार केलं. जर्मनीतली वाकर कंपनी ते ग्लुकोजवर पोसलेल्या ई. कोलाय जिवाणूंकडून करून घेते. एन्झाइमच कशाला, तर साध्या रासायनिक कृतीने अमिनो आम्ल केलं की त्यात एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत अशी डावी-उजवी रूपं, 'एल' आणि 'डी', निम्मी-निम्मी येतात आणि शरीराच्या कामाचं असतं ते 'एल'. ही निवड एन्झाइम बिनचूक करतं. 1969 साली ओसाकाच्या तानाबे सेयाकु कंपनीत इचिरो चिबाता आणि सहकाऱ्यांनी कोजीच्या (सोया सॉस आंबवायला वापरतात त्या) बुरशीचं एन्झाइम बारीक मण्यांना धरून ठेवलं, ते मणी उभ्या नळकांड्यात भरले आणि वरून मिश्रण सोडलं. खाली आलेल्या द्रावातून एल-मिथिओनिन (सिस्टीनसारखंच दुसरं एक अमिनो आम्ल) वेगळं काढायचं, उरलेला 'डी' भाग तापवून पुन्हा मिश्र करायचा आणि परत वर ओतायचा. एन्झाइम वाहून जात नाही, जागेवर राहून पुन्हा पुन्हा कामाला येतं. रात्री अकरा वाजता हे वाचताना मी गल्ल्यावरचा हिशेब विसरलो होतो.

तर आमच्या पिशवीतलं 920 कुठलं, केस-पिसांचं की जिवाणूंचं? पुरवठादाराला फोन केला. "नंबर सरकारमान्य आहे, हिरवा ठिपका आहे, अजून काय पाहिजे तुम्हाला?" ठिपका आहे, खरं आहे. पण वस्तू नेमकी कशापासून बनली, हे ठिपका सांगत नाही आणि आकडाही सांगत नाही. 2016 मध्ये पावाच्या पिठात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आली तेव्हा आम्ही ते मुकाट्याने सोडलं. इथे तर मी बंदी मागतच नाही. 920 च्या पुढे 'पिसांपासून' किंवा 'किण्वनातून' (म्हणजे जिवाणूंकडून) एवढा एक शब्द पिशवीवर छापणं सक्तीचं करावं, ही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला विनंती आहे.

आजी परत आल्या तेव्हा दोन्ही रीती सांगितल्या. जिवाणूंचं नाव काढताच म्हणाल्या, "मग तोही जीवच की रे!" शुद्ध केलेल्या स्फटिकांत जिवाणू उरत नाहीत, असं मी म्हणालो. "तरी महाराजांना विचारून बघते. पण तुझ्या पिशवीतलं नक्की कुठलं?" मी गप्प.

तूर्त इम्प्रूव्हर बंद केलाय. वडील करायचे तसा मळलेला मैदा ओल्या फडक्याखाली जास्त वेळ मुरत ठेवतो. भट्टीत ट्रे दोन तास उशिरा जातात आणि सकाळी सातचं गिऱ्हाईक खारी न घेता परत जातं.

आपला,
एक बेकरीवाला, सांगली