मंत्रिमहोदय, नोटीस सिस्टरला का?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या तक्रारीचं उत्तर आलं. आयसीयूत सिस्टर कमी आहेत, असं मी लिहिलं होतं. तुमच्या खात्याने जी होती तिलाच कारणे दाखवा नोटीस दिली. काम झपाट्याने होतं म्हणायचं! दवाखान्याचं नाव घेत नाही. घेतलं तर तिची बदली अक्कलकुव्याला व्हायची. (अक्कलकुव्याला पाठवणं म्हणजे शिक्षा, हे कुणी ठरवलं, हाही एक प्रश्नच आहे.)

आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले, थोडी कपाशीही असते. धाकट्या भावाला, वय 34, फवारणी करताना विषबाधा झाली. तोंडाला फेस, शुद्ध नाही. डॉक्टरांनी व्हेंटिलेटर लावला, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतून हृदयापर्यंत जाणारी नळी) टाकली, अ‍ॅट्रोपिन हे विषावरचं औषध चालू केलं आणि माणूस परत आणला. हे मी कुठेही शपथेवर सांगेन. सहाव्या दिवशी नळ्या निघाल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "दादा, केयीले पानी देलं का?"

मानेतली नळी मात्र राहिली. "असू द्या, सारख्या सुया टोचायला नकोत." तो खिचडी खायला लागला, उठून बसायला लागला, तरी ही नळी अजून लागते का, हे कुणी विचारलं नाही. एसी बंद होता. घामाने ड्रेसिंगचं एक टोक सुटलं, त्यावर कुणीतरी चिकटपट्टी मारली. पट्टीखाली वाळलेलं रक्त मला दिसत होतं आणि मी अडाण्यासारखा बघत बसलो. नवव्या दिवशी नळीतून औषध गेलं आणि अर्ध्या तासात त्याला अशी थंडी भरली की खाट वाजायला लागली. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्ताच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचे जंतू निघाले. मग चिठ्ठ्या सुरू: कोलिस्टिन हे जंतूंवरचं औषध बाहेरून आणा, हातमोजे बाहेरून आणा. 42 हजार गेले. चौदाव्या दिवशी भाऊही गेला.

मी ठिबक वापरतो साहेब. फिल्टर धुतो, नळीचं शेवटचं तोंड उघडून घाण काढतो, वेळ आली की आम्ल सोडतो. केळीच्या नळीची एवढी राखण, आणि हृदयापर्यंत गेलेल्या नळीवर चिकटपट्टी?

नोटीस जिला दिली ती रात्रपाळीची सिस्टर. दर वेळी हात चोळायची, नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासायची, पुटपुटत पंधरापर्यंत मोजायची, मगच सिरिंज लावायची. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊ, जंतू इथूनच आत शिरतात. पण खाटा बारा आणि आम्ही दोघी." घरी येऊन मी हिशेब मांडला. एकेक नळी पाळीत दहा वेळा उघडली, हात चोळणं आणि नळीचं तोंड घासणं धरून पाऊण मिनिट लागलं, तर बारा खाटांचा दीड तास नुसत्या स्वच्छतेत जातो. हिशेब कच्चा असेल, पण तुमच्या खात्याने तेवढाही केलेला दिसत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक आयसीयूत प्रत्येक पाळीला एका खाटेमागे एक नर्स सांगतं.

हे अशक्य आहे असं सांगू नका. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी केल्या. हात धुणं, लाइन टाकताना गाऊन-मास्कसह पेशंट पूर्ण झाकणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी पुसणं, शक्यतो जांघेत लाइन न टाकणं, गरज संपली की काढणं. डॉक्टर एखादी पायरी चुकला तर त्याला थांबवायचा अधिकार नर्सला दिला. हजार नळी-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) सरासरी 7.7 रक्तसंसर्ग व्हायचे, ते दीड वर्षात 1.4 वर आले. 2006 साली हे छापून आलंय. आपल्याकडे सिस्टरने डॉक्टरला "सर, थांबा" म्हटलं तर काय होईल, तुम्हीच सांगा.

गेल्या वर्षी फीत कापताना तुम्ही म्हणालात, "रिक्त पदं तीन महिन्यांत भरू." मी समोर उभा होतो. टाळ्या वाजवल्या, त्याची लाज वाटते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्चाचं लिहिलं होतं, तेही फितीसारखंच. नर्सा अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि कमानी मात्र पक्क्या सिमेंटच्या. आजारी पडलात तर तुम्ही मुंबई गाठणार, आम्ही इथेच.

अपघात अनुदानाची फाईलही परत आली. मृत्यूच्या दाखल्यावर 'सेप्टिसीमिया', म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग, आहे, विषबाधा नाही, म्हणून बसत नाही म्हणे. विषाने मेला नाही म्हणून पैसे नाहीत, आणि नळीने मेला हे कुणी लिहून देत नाही. वहिनीने—माझ्या बायकोने नव्हे, त्याच्या बायकोने, आता घरात सगळे तिला वहिनीच म्हणतात—ती फाईल गव्हाच्या कोठीवर ठेवली आहे.

पदं भरा. लाइनचं सगळं सामान एका गाडीवर तयार ठेवा, कुणाच्या भावाला मेडिकलवर पळवू नका. महिन्याला किती जणांना नळीचा संसर्ग झाला, तो आकडा आयसीयूच्या दारावर लावा. पण हे सगळं तुम्ही कधी कराल ते कराल. त्या सिस्टरची नोटीस या आठवड्यात मागे घ्या. उत्तर द्यायला तिला सात दिवस दिलेत, त्यातले तीन गेले.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव