पाणपक्षी मोजताना

महोदय,

आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी, उजनी अशा जलाशयांवर यंदाही स्वयंसेवक जातील. त्यांनी मोजणीची शिस्त पाळावी, ही कळकळीची विनंती.

सूर्य पाठीशी राहील अशीच जागा निवडावी. उन्हाकडे तोंड केलं की थापट्या बदक काय नि तलवार बदक काय, सगळी काळी दिसतात. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नेमके मोजावेत. त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात धरून शंभराचा ठोकळा बांधावा आणि तो थव्यावरून पुढे सरकवत न्यावा. ठोकळा थव्याच्या विरळ कडेवर बेतला, तर मधली दाटी हमखास कमी भरते. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांच्या बाबतीत तर फारच. टिबुकल्या हे छोटे पाणपक्षी सतत बुड्या मारतात, म्हणून लागोपाठ तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा घ्यावा. भोवत्या हा शिकारी पक्षी आला की सगळा थवा उठतो. तो पुन्हा बसला की मोजणी पहिल्यापासून करावी. दोन्ही काठांवर मोजणाऱ्यांचे गट असतील तर हद्द आणि वेळ आधीच ठरवावी, नाहीतर तेच चक्रवाक दोनदा नोंदले जातात.

ओळख पटली नाही तर सरळ ‘अनोळखी बदक’ लिहावं. तळं कोरडं असेल तरी शून्याची नोंद पाठवावीच. नोंदच नसेल, तर पक्षी नव्हते की मोजणारे गेलेच नाहीत, हे पुढे कळत नाही.

आपणही बातमीत नुसती प्रजातींची संख्या न देता पाण्याची पातळी छापावी.

– एक पक्षीनिरीक्षक, निफाड