आप्पा, लाईट येते हो, पण कशी येते?

आई, आप्पा,

परवा फोनवर आप्पांनी परत तेच विचारलं, की पक्की नोकरी सोडून रिसर्च करत बसलीस, गावात लाईट तर येतेच, आता त्यात शोधायचं काय राहिलं? मागे मिक्सर चालू होता म्हणून मी नुसतं हो-हो केलं. आता सविस्तर लिहिते.

आपल्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, रात्री थ्री फेज आली की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटोस्विच, त्यामुळे लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. एकेक करून सुरू झाल्या तर डीपी झेलते, पण सगळ्या एकाच वेळी म्हटल्यावर व्होल्टेज धाडकन पडतं. व्होल्टेज 20 टक्के पडलं की मोटारीची ताकद 36 टक्के जाते, व्होल्टेजच्या वर्गाचा (0.8 गुणिले 0.8) हिशोब आहे तो. मग ती नुसती घूं घूं करते, तापते, आणि रिवाइंडिंगवाल्याची दिवाळी होते.

पण यात मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला रात्री बाराला केळीच्या बागेत, बिबट्याच्या भीतीत, कोण जाणार बटण दाबायला? एसीत बसून 'ऑटोस्विच काढा' म्हणणाऱ्यांनी एक रात्र जाऊन दाखवावं. त्यापेक्षा प्रत्येकाच्या ऑटोस्विचला वेगवेगळा टायमर लावला, कोणाला एक मिनिट कोणाला तीन, तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.

नोकरी का सोडली ते आता सांगते. तिथे फीडर, म्हणजे गावांना वीज नेणारी मुख्य लाईन, चालू की बंद एवढंच बघायचं. 11 केव्हीची लाईन चालू म्हणजे आपलं काम झालं. शेवटच्या टोकाच्या घरात 230 च्या जागी 170 येतंय, हे लिहायला रकानाच नव्हता! मला तोच रकाना भरायचा होता.

आता मी डीपीला ॲनालायझर, म्हणजे विजेची प्रत मोजणारं यंत्र, लावते. लाईटची एक सायकल 20 मिलिसेकंदांची असते, आणि व्होल्टेज अर्धी सायकल जरी 90 टक्क्यांच्या खाली गेलं तरी तो नोंद करतो. घरात तेवढ्यात बल्बसुद्धा नीट लुकलुकत नाही, पण जळगावच्या चटई कारखान्यात व्होल्टेज जरा खोल पडलं की मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ट्रिप होऊन बंद पडू शकतो आणि मशीनमधलं वितळलेलं प्लास्टिक आतच थिजतं. स्क्रीनवर लाटेचा आकार पण दिसतो, गोल टेकडीसारखा पाहिजे, पण टीव्ही, चार्जर, एलईडी असलं सगळं लाटेच्या टोकालाच करंट ओढतं, म्हणून टेकडीचा माथा कोणीतरी तासून घेतल्यासारखा सपाट होतो. मूळ 50 हर्ट्झच्या लाटेत अशा ज्या जास्तीच्या जलद लाटा मिसळतात, त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. तीन फेजचा करंट न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या वायरमध्ये, एकमेकांना कापतो असं आम्हाला कॉलेजात शिकवलं, पण 150 हर्ट्झचा हार्मोनिक कापला जात नाही, उलट त्याची बेरीज होते आणि बिचारी न्यूट्रल गरम होते. ह्याच्या मर्यादा ठरवणारं आयईईई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेचं 519 नंबरचं स्टँडर्ड 1981 पासून आहे, तेव्हा एलईडी बल्ब घरोघरी कुठे होते!

आप्पा, एक काम करा. आपल्या 5 एचपीच्या मोटारीचा कपॅसिटर जागेवर आहे का ते वायरमनला बघायला सांगा. जळाला की मेकॅनिक काढून टाकतो आणि नवा लावतच नाही. कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा भाग) 0.75 वरून 0.95 वर आला तर तेवढ्याच कामाला करंट 21 टक्के कमी लागतो आणि वायरीत जाणारा लॉस साधारण 38 टक्क्यांनी उतरतो. तुम्ही एकट्याने लावून डीपीला फारसा फरक पडणार नाही, म्हणून पारावर चार जणांच्या कानावर घाला, तुमचं ऐकतात लोक.

आणि फ्यूज गेला की डीपीची पेटी स्वतः उघडायची नाही. आई, तूच लक्ष ठेव, हे ऐकणार नाहीत.

आखाजीला येतेय. ॲनालायझर पण आणते, परवानगीचा अर्ज मी इकडूनच करते. मांडे करशील ना आई? आमरस मी काढीन.

तुमची,
ताई