निवड समितीवर बसलेल्या मित्रास

प्रिय नंद्या,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतची, उमेदवार बाईंच्या शोधनिबंधांची म्हणजे पेपरांची लांबलचक यादी, दोन्ही पोचलं. समितीवर पोषणशास्त्रातलं कुणीच नाही म्हणून मला गाठलंस, बरं केलंस. ‘एच-इंडेक्स ३८ आहे, म्हणजे बाई मोठ्याच असणार ना?’ असं विचारतोस. असतीलही. पण ३८चा अर्थ एवढाच, की त्यांच्या ३८ पेपरांचा संदर्भ प्रत्येकी निदान ३८ वेळा कुणीतरी दिलाय. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप काढलं आणि समित्यांचं काम सोपं झालं. जरा जास्तच सोपं. त्यात संदर्भ मोजणाऱ्या ठिकाणांपैकी गूगल स्कॉलरवर आकडा फुगलेला दिसतो आणि स्कोपसवर कमी, कारण गूगल प्रबंध, अहवाल असं सगळंच धरतं. तेव्हा दोन्ही उमेदवारांचे आकडे एकाच ठिकाणाहून घेतलेत ना, ते आधी बघ.

बाईंचा सगळ्यात गाजलेला पेपर जागतिक आकडेवारीचा आहे, शेकडो लेखकांचा. आमच्याकडे अशा पेपरांना सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, धो धो मिळतात. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आहाराचा अभ्यासच घे: १९५ देश, आणि २०१७ या एका वर्षातले १ कोटी १० लाख मृत्यू निकस आहाराच्या खात्यावर. पहिल्याच परिच्छेदात टाकायला असा आकडा मिळाला की कोण सोडतो? पण लेखकांच्या त्या गर्दीत एकाने नेमकं काय केलं, ते यादीवरून कळत नाही. पहिलं नाव बहुधा राबणाऱ्याचं, शेवटचं मार्गदर्शकाचं. मधल्यांना विचारावंच लागतं.

याउलट पाचव्या पानावर प्रश्नावलीच्या पडताळणीचा एक पेपर आहे. तू त्यावर काट मारलीस, ‘किरकोळ’ म्हणून. अरे, आमचा सगळा डोलारा त्यावरच उभा असतो! लोक काय खातात हे विचारायचं कसं आणि त्यांच्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा, हीच मुळात आमची दुखरी नस. वॉल्टर विलेट हे आहार-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली आपली प्रश्नावली १७३ परिचारिकांवर तपासली. त्या परिचारिकांकडून वर्षभरात चार वेळा, दर वेळी आठवडाभर, खाल्लेलं सगळं वजन करून लिहून घेतलं आणि प्रश्नावलीतल्या उत्तरांशी ताडून पाहिलं. कंटाळवाणं काम, पण पुढे कितीतरी अभ्यास त्यावर झाले. बाईंचा हा पेपर तू अथपासून इतिपर्यंत वाच.

बाकीच्या यादीत एकाच कोहॉर्टमधून, म्हणजे वर्षानुवर्षं पाहणी केलेल्या लोकांच्या एकाच गटातून, काढलेले पेपर बरेच आहेत. एकात चहा, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात अंडी. हा आमच्या क्षेत्राचा जुना रोग. शोएनफेल्ड आणि इओअनिडिस या संशोधकांनी पाककृतींच्या पुस्तकातून ५० जिन्नस उचलले आणि प्रत्येकाचा कर्करोगाशी संबंध कुणी तपासलाय का ते शोधलं. ४० जिन्नसांवर पेपर निघाले! २०१३चा हा लेख जरूर वाच, हसशील आणि मग गप्प होशील.

आता तू लाल शाईने गोल केलेला तो, छापून झाल्यावर मागे घेतलेला पेपर. एवढ्यावरून बाईंना बाद करू नकोस. मागे घेण्यातही प्रकार असतात. खाण्याच्या सवयींवर संशोधन करणारे ब्रायन वॅन्सिंक यांचे सहा पेपर ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने आणि त्याच्या भावंडांनी २०१८च्या सप्टेंबरात एकाच दिवशी मागे घेतले, विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी स्पेनमधला ‘प्रेडिमेड’चा, म्हणजे भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार टळतो का हे ७,४४७ लोकांवर पाहणाऱ्या चाचणीचा पेपरही मागे घेतला गेला. तिथे भानगड वेगळी होती. कोण कुठल्या आहाराच्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायला हवं होतं. काही ठिकाणी एका घरातल्या दुसऱ्या माणसाला चिठ्ठी न टाकताच पहिल्याच्या गटात घातलं होतं, एका केंद्रावर तर अख्ख्या दवाखान्याला एकच गट दिला होता. लेखकांनी विश्लेषण नव्याने केलं, दावा सौम्य केला आणि पेपर पुन्हा छापला. यातला कुठला प्रकार बाईंचा, ते मागे घेण्याच्या निवेदनात असतं. ते मागव.

आणि ‘इम्पॅक्ट’ म्हणून जो रकाना आहे ना, त्यात सायटेशनच्या पलीकडचं काही आहे का बघ. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची फॉलिक ॲसिड या ब-जीवनसत्त्वाची चाचणी १९९१ साली छापून आली. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेल्या स्त्रियांनी ते घेतल्यावर पुढच्या बाळात तो दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढे पुष्कळ देशांनी पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं. अमेरिकेने १९९८ साली. पिठाच्या त्या नियमाची नोंद कुणाच्याही एच-इंडेक्समध्ये होत नाही.

मुलाखतीत बाईंना एवढंच विचार: ‘यातला कुठला पेपर तुम्ही नसतात तर झालाच नसता?’ प्रश्नावलीचा सांगितला, तर माझं मत त्यांच्या पारड्यात धर. जागतिक आकडेवारीचा सांगितला, तर दुसऱ्या उमेदवाराचीही यादी पाठव, रात्रीत वाचून काढतो.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विज्या