पहिल्या ग्रे कपचे 26 गुण मोजताना

महोदय,

कॅनडियन फुटबॉलच्या बदलत्या नियमांवर आपल्या क्रीडापानात आलेला मजकूर वाचला. मराठी दैनिकात या खेळाला जागा मिळाली याचा आनंद आहे. पण ग्रे कप, म्हणजे या खेळातल्या कॅनडाच्या अजिंक्यपदाचा करंडक, त्याच्या 1909 च्या पहिल्या सामन्यात टोरांटो विद्यापीठाने चार टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे) करून 26-6 असा विजय मिळवला, असे त्यात म्हटले आहे. टचडाउन तीनच होते. बाकीचे गुण कुठून आले हे कळल्याशिवाय किकवर मिळणाऱ्या ‘रूज’ या एका गुणाबाबतचा आजचा नियमबदल कळणार नाही, म्हणून हे पत्र.

हा सामना 4 डिसेंबर 1909 रोजी टोरांटोच्या रोझडेल मैदानावर झाला. विद्यापीठाने त्याआधी ओटावाच्या संघाला 31-7 असे हरवले होते. समोर पार्कडेल कनू क्लब, म्हणजे दोन्ही संघ टोरांटोचेच. कॅनडाच्या पश्चिमेकडचा संघ ग्रे कपसाठी पहिल्यांदा खेळला तो 1921 मध्ये.

टचडाउनला तेव्हा 5 गुण होते. 6 गुण 1956 पासून मिळू लागले. तीन टचडाउनचे 15 आणि त्यानंतरच्या यशस्वी किकचा 1 मिळून 16 झाले. उरलेले 10 गुण किकवर, एकेक करून आले. इथल्या लोकांच्या तोंडी अशा एका गुणाला ‘सिंगल’ किंवा ‘रूज’ म्हणतात. दहापैकी आठ ह्यू गॉलचे आणि दोन स्मर्ल लॉसनचे. गॉलने एक टचडाउनही केला होता, त्यामुळे संघाच्या 26 पैकी 13 गुण त्याच्या एकट्याचे. एका ग्रे कप सामन्यात आठ सिंगल हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पार्कडेलच्या सहा गुणांतही एक सिंगलच होता.

रूज मिळतो तो असा. किक मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात जातो. तो पकडणाऱ्या खेळाडूने गोलरेषा ओलांडून चेंडू बाहेर आणायचा, नाहीतर उलट किक मारून बाहेर काढायचा. तो आतच अडला की किक मारणाऱ्या संघाला एक गुण. 2025 पर्यंत चेंडू मैदानापलीकडे निघून गेला तरीही गुण मिळत असे. पकडणाऱ्याची पंचाईत इथे दिसते: चेंडू उंच चढलेला, तोवर समोरून पाच-सहा जण धावत निघालेले, आणि पकडल्यावर गोलरेषेपर्यंत पंधरा-वीस यार्ड कापायचे. किक नुसती लांब असून भागत नाही. ती कमी उंच गेली तर पकडणाऱ्याला पळायला मोकळी जागा मिळते.

1909 मध्ये या कौशल्याला एवढे मोल का, तर पुढे पास फेकायला परवानगीच नव्हती. ग्रे कपमधला पहिला टचडाउन पास 1931 मध्ये दिसला. शिवाय 1909 मध्ये एका बाजूला चौदा खेळाडू, म्हणजे गर्दी फोडून धावणे कठीण. मग चांगला किकर असलेला संघ एकेक गुण जोडत जाई.

आता नव्या नियमाकडे. 2025 मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे 2026 पासून चेंडू एंड झोनमधून सरळ बाहेर गेला तर गुण नाही. खेळाडूला आत अडवले तर मात्र गुण कायम. म्हणजे रूज रद्द झालेला नाही, आपल्या मथळ्यावरून मात्र तसा समज होतो. माझ्या मते हा बदल योग्य आहे: फील्ड गोल (किक मारून चेंडू गोलखांबांमधून धाडणे) हुकला तरी गुण पदरात पडावा, हे खटकणारेच होते. 2027 च्या बदलांबद्दल मात्र खरी काळजी वाटते. मैदान 110 यार्डांवरून 100 वर येणार आणि एंड झोन 20 वरून 15 यार्डांवर. हीच खोली 1986 पूर्वी 25 यार्ड होती. पंधरा यार्डांत चेंडू टाकून तो आतच थांबवायचा म्हणजे किकरला चुकायला फारशी जागाच उरत नाही. गुण नियमात राहील, पण मैदानावर क्वचितच दिसेल.

आणखी एक दुरुस्ती. विजेत्यांनी त्याच दिवशी करंडक उंचावला, हेही बरोबर नाही. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी दिलेला 48 डॉलरचा तो चषक सामन्याच्या दिवशी तयारच नव्हता. विद्यापीठाच्या हाती तो मार्च 1910 मध्ये पडला.

— एक वाचक, टोरांटो