विषय: दोन तालुके निवडले की तक्त्यातल्या निम्म्या ओळी गायब

व्यवस्थापक,

आज चौथ्यांदा तुमच्या सपोर्टला फोन केला. आता जे काय ते लेखीच.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला तुम्ही आर-शायनीत (आर या संगणकीय भाषेतल्या, वेब-डॅशबोर्ड बनवायच्या साधनात) करून दिलेल्या डॅशबोर्डात तालुक्याचा मेनू आहे. निफाड निवडलं की 48 शेतकरी दिसतात, सिन्नर निवडलं की 36. दोन्ही आकडे बरोबर. दोन्ही तालुके एकत्र निवडले की 84 यायला हवेत, येतात 42. याच तक्त्यावरून कांद्याच्या पैशांची यादी बँकेत गेली आणि 42 घरांत पैसे पोचले नाहीत. सोमवारी एक आजी ऑफिसात आल्या, पासबुक उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि काही न बोलता बसून राहिल्या. काय सांगायचं होतं मी त्यांना?

हे सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "सर, फिल्टर लावल्यावर ओळी कमी होणारच." मी विचारलं, 48 आणि 36 किती? म्हणाला, "सिस्टिमचं कॅल्क्युलेशन वेगळं असतं." मी पुन्हा विचारलं, 48 आणि 36 किती? पलीकडे गाणं सुरू झालं. अकरा मिनिटं वाजलं. मग परत येऊन म्हणतो, "एका वेळी एकच तालुका निवडा ना, सर." मग अनेक निवडायची सोय दिलीत कशाला, आणि तिचे वेगळे पैसे घेतलेत कशाला?

चूक शेवटी माझ्या पुतणीने शोधली. ती संख्याशास्त्र शिकते. फिल्टरच्या कोडमध्ये तुम्ही दोन बरोबरच्या खुणा (==) वापरल्यात. दोन नावं आली की आर ती आळीपाळीने लावतं: तक्त्यातली पहिली ओळ निफाडशी ताडायची, दुसरी सिन्नरशी, तिसरी पुन्हा निफाडशी. म्हणून निम्मे शेतकरी गळतात, आणि एकूण ओळी सम असल्या की आर साधा इशाराही देत नाही. तिथे टक्क्याच्या दोन चिन्हांमधलं 'इन' (%in%) हवं होतं, त्याने प्रत्येक ओळ दोन्ही नावांशी ताडली जाते. एवढीच दुरुस्ती. तिने केली, 84 आले.

तुम्ही हेच काम रोज करता. दोन तालुके निवडून एकदा तरी मोजायचं होतंत.

आठ दिवसांत सगळे मेनू तपासून लेखी कळवा, त्या 42 शेतकऱ्यांना लेखी माफीपत्र द्या आणि यंदाच्या देखभालीचे पैसे परत करा. नाहीतर करार संपला समजा, पुढचं आमचे वकील बोलतील. तीन वर्षं तुमचं नाव मीच इतरांना सुचवत होतो.

सचिव, शेतकरी उत्पादक कंपनी, जि. नाशिक