खाडीतील बुडालेल्या जहाजांची आधी पाहणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पर्यटकांना पाण्याखाली ती दाखवण्याची योजना जाहीर झाली, तेव्हापासून सिंधुदुर्गात अशा डायव्हिंगविषयी मोठे कुतूहल आहे. आता आमच्या भागात खाड्यांच्या तळाशी असलेले जुन्या जहाजांचे अवशेषही स्कूबासाठी खुले करावेत, असे बोलले जाते. मी स्वतः डायव्हिंग करतो आणि या छंदाचा प्रसार व्हावा असे मला मनापासून वाटते. तरीही पाहणीपूर्वी खाडीत पर्यटक उतरवण्यास माझा ठाम विरोध आहे.

विजयदुर्गचेच पाहा. वाघोटन खाडीच्या मुखाशी फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने केलेल्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांच्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजाने पेट घेतला. हे जहाज त्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकलेले होते. शेजारी शेजारी नांगरलेल्या गुराबा आणि गलबते एकामागून एक पेटत गेली आणि मराठी आरमाराचे एक मोठे अंग एकाच दिवसात राख झाले. त्यातले काय आज गाळाखाली शिल्लक आहे, हे शास्त्रशुद्ध पाहणीनंतरच सांगता येईल. उघड्या पडलेल्या लाकडाला खाऱ्या पाण्यातील कीड काही वर्षांतच पोखरून टाकते, परंतु गाळात गाडलेले लाकूड तिथे प्राणवायू पोहोचत नसल्याने शतकानुशतके टिकू शकते. म्हणूनच होडीचा नांगर, वाळूउपशाचा पंप किंवा आठवण म्हणून खिळा उचलणारा हात, यांपैकी कशानेही होणारे नुकसान कायमचे असते.

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २९ मे १९१४ रोजी तिच्या मुखाकडील भागात दाट धुक्यात कोळसावाहू जहाजाची धडक बसून ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ अवघ्या चौदा मिनिटांत बुडाले आणि एक हजाराहून अधिक माणसे दगावली. पुढे पाणबुड्यांनी त्या जहाजातील वस्तू वर्षानुवर्षे वर काढून नेल्या. क्युबेक सरकारचे कायदेशीर संरक्षण त्याला १९९९ मध्ये मिळाले. आपण इतका उशीर का करावा?

जिवाची जोखीमही तितकीच गंभीर आहे. मालवणला प्रशिक्षक हात धरून पर्यटकाला निवळ, उथळ पाण्यात फिरवून आणतो. खाडीत पाणी भरती-ओहोटीबरोबर सतत ओढत असते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीचा थोडाच वेळ ते स्थिर राहते, आणि उधाणापेक्षा (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) ही ओढ कमी असते. तळाशी पायांत घातलेल्या फिन्सचा (पोहण्याच्या पंखांचा) एक फटकारा बसला की गाळ उठतो आणि स्वतःच्या मनगटावरचे घड्याळही वाचता येत नाही. अवशेषांत अडकलेली जुनी नायलॉनची जाळी अशा वेळी टाकीच्या नळीत गुंतली, तर ती न घाबरता कापण्याचा सराव लागतो, जो एका दिवसाच्या पाहुण्याकडे असणे शक्यच नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे या विषयाचा अनुभव असल्याने राज्य सरकारने तिच्याकडून आणि पुरातत्त्व खात्याकडून वाघोटन खाडीची पाहणी करून घ्यावी, व तोपर्यंत तिथे वाळूउपसा आणि पर्यटकांचे डायव्हिंग दोन्ही बंद ठेवावे. पाहणीअंती एखादी जागा खुली करण्याजोगी आढळल्यास तिथे होड्या बांधण्यासाठी कायमचे बोये बसवावेत, केवळ प्रमाणपत्रधारक पाणबुड्यांनाच उतरू द्यावे आणि तळावरची वस्तू उचलणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा. खाडीच्या पाण्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या विजयदुर्ग व गिर्ये परिसरातील मच्छीमारांना या कामात मोबदल्यासह सामील करून घ्यावे. कुठे जाळे अडकते हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. पावसाळ्याचा गढूळपणा ओसरल्यावर पाहणीसाठी मोजकेच महिने हाती असतात, त्यामुळे मंजुरी आणि निधीचा निर्णय दिवाळीपूर्वी व्हायला हवा.

आपला,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग